गेलेलं पॅकेट परत का येत नाही

बाहेरून जोडायच्या मोडेमच्या दर्शनी पट्टीवर दिव्यांची रांग असते. त्यातल्या दोन दिव्यांखाली बहुतेक मोडेमांवर एसडी आणि आरडी अशी अक्षरं असतात: पहिला गेलेल्या माहितीचा, दुसरा आलेल्या. दोन युनिक्स मशीनं फोन लाइनवरून जोडली, पीपीपी (फोन लाइनवरून नेटवर्क चालवायची पद्धत) उभं राहिलं आणि पलीकडच्या नेटवर्कातल्या एखाद्या मशीनला पिंग लावलं, म्हणजे सेकंदाला एक छोटं पॅकेट (माहितीचा तुकडा) पाठवून उत्तराची वाट बघितली, की पडद्याच्या आधी या दोन दिव्यांकडे बघावं. एसडी सेकंदाला एकदा लुकलुकतोय आणि आरडी विझलेला आहे, तर पॅकेट इथून निघालंय आणि उत्तर आलेलं नाही. दोन्ही शांत असतील, तर पॅकेट फोन लाइनकडे वळलेलंच नाही. ते इथरनेटच्या तारेवर भलत्याच दिशेला गेलंय किंवा आपल्याच कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) ते टाकून दिलंय. दोन्ही लुकलुकताहेत आणि तरीही पिंग गप्प आहे, तर काहीतरी परत येतंय, पण ते पिंगपर्यंत पोचत नाहीये. एक काळजी मात्र घ्यावी. पीपीपीचे एलसीपी इको (लाइन जिवंत आहे का हे बघणारी पॅकेटं) चालू असतील तर ठरावीक सेकंदांनी दोन्ही दिवे आपोआप लुकलुकतात. तो ठेका आधी ओळखून वेगळा काढावा, मग बाकीच्याचा अर्थ लावावा.

इथरनेटवर ही सोय नसते. तिथला दिवा सगळ्यांच्या बोलण्याने लुकलुकतो. मोडेमच्या तारेवर दोनच मशीनं असतात आणि वेग इतका कमी, की डोळ्याला एकेक पॅकेट मोजता येतं. डायल-अपच्या संथपणाला लोकांनी पुष्कळ शिव्या घातल्या, पण राउटिंग, म्हणजे पॅकेटची वाट ठरवणं, शिकायला त्याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही.

राउटिंगमध्ये जाण्याची वाट आणि येण्याची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेगवेगळ्या मशीनांनी, एकमेकांना न विचारता ठरवलेल्या असतात. डायल-अपवरच्या बऱ्याचशा तक्रारी येण्याच्या वाटेच्या असतात, आणि माणूस मात्र जाण्याच्या वाटेचा तक्ता पुन्हा पुन्हा तपासत बसतो, कारण तो तक्ता त्याच्या समोरच्या मशीनवर असतो.

उदाहरणासाठी एक मांडणी घेऊ. अलीकडे १९२.१६८.१.० हे नेटवर्क आणि पलीकडे १९२.१६८.२.०, दोन्हींचा मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्काचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. दोन्हीकडे एकेक युनिक्स मशीन गेटवे (नेटवर्काला बाहेर जोडणारं मशीन) म्हणून बसवलंय, त्याला एक इथरनेट कार्ड आणि एक मोडेम. इथरनेटवर अलीकडच्या गेटवेचा पत्ता १९२.१६८.१.१, पलीकडच्याचा १९२.१६८.२.१. पीपीपीच्या दोन टोकांना १०.०.०.१ आणि १०.०.०.२. आतली साधी मशीनं अलीकडे १९२.१६८.१.२० आणि पलीकडे १९२.१६८.२.७. म्हणजे पॅकेटच्या प्रवासात चार मशीनं आहेत, आणि जाऊन-येऊन सहा ठिकाणी ‘पुढे कुणाकडे’ हा निर्णय घ्यावा लागतो. सहापैकी एक निर्णय चुकला तरी पिंग गप्प.

चौरस्त्यावरच्या पाटीला फक्त पुढचा फाटा माहीत असतो, प्रवासी पोचला की नाही याची खबर तिला कधीच लागत नाही. राउटिंगचा तक्ता तेवढंच जाणतो. तो बघायचा तो ‘नेटस्टॅट -आरएन’ने, आणि त्यातलं ‘एन’ विसरू नये. ते नसेल तर नेटस्टॅट प्रत्येक पत्त्याचं नाव शोधायला जातो, नाव सांगणारा सर्व्हर पलीकडे असतो, पलीकडचा रस्ता तुटलेला असतो, आणि तक्ता दाखवायलाच मिनिटं लागतात. हाच नियम ट्रेसराउट (वाटेतले थांबे दाखवणारा) आणि टीसीपीडंप (तारेवरची पॅकेटं दाखवणारा) यांनाही लागू. टीसीपीडंप तर ‘एन’शिवाय चालवला की तो स्वतःच नावं विचारणारी पॅकेटं लाइनवर सोडतो आणि मग तीच आपल्याला दाखवतो.

तक्त्यातली सगळ्यात नेमकी ओळ आधी लागू होते. पीपीपी जोडलं गेलं की कर्नल पलीकडच्या टोकासाठी, म्हणजे १०.०.०.२ साठी, एक ओळ घालतो. तिचा मास्क २५५.२५५.२५५.२५५ असतो आणि झेंड्यांमध्ये (फ्लॅग्जमध्ये) यू आणि एच, म्हणजे ‘चालू’ आणि ‘एकच मशीन’, दिसतात. हा मास्क बघून अनेकजण दचकतात आणि तो २५५.२५५.२५५.० करायला धावतात. तसं करायचं कारण नाही. लाइनच्या दुसऱ्या टोकाला एकच मशीन आहे, म्हणून मास्कही एकाच पत्त्याचा. दोन्ही टोकं एकाच सबनेटमध्ये असायला हवीत असंही नाही. मात्र या ओळीमुळे १०.०.०.२ पर्यंतच पोचता येतं. त्याच्यामागे १९२.१६८.२.० नावाचं एक नेटवर्क आहे हे पीपीपीने कुणालाच सांगितलेलं नसतं. त्याच्या वाटाघाटीत फक्त दोन टोकांचे पत्ते ठरतात, मागच्या नेटवर्कांचा विषयही निघत नाही. ती ओळ आपण घालायची. लिनक्सवर ती अशी:

राउट ॲड -नेट १९२.१६८.२.० नेटमास्क २५५.२५५.२५५.० जीडब्ल्यू १०.०.०.२

पलीकडच्या गेटवेवर हिचंच उलटं रूप हवं: १९२.१६८.१.० साठी १०.०.०.१ कडे. बीएसडीवर (हे आणि सोलारिस युनिक्सचेच प्रकार) ‘जीडब्ल्यू’ हा शब्द लागत नाही, गेटवेचा पत्ता तसाच शेवटी लिहायचा. जुन्या सोलारिसवर त्याच्याही पुढे एक आकडा द्यावा लागायचा: दुसऱ्या मशीनमधून जायचं असेल तर १, आणि आपलाच इंटरफेस असेल तर ०. १ च्या जागी चुकून ० लिहिला गेला की तक्ता दिसायला बरोबर, पण पॅकेट हलत नाही. मास्क मात्र सगळीकडे लिहावाच. जुनी साधनं मास्क नसला तर पत्त्याच्या वर्गावरून तो ठरवतात. पत्ता १० ने सुरू झाला की २५५.०.०.० धरलं जातं आणि एका छोट्या शाखेसाठी लिहिलेली ओळ दहाने सुरू होणारं सगळंच गिळून बसते.

आता पिंगची शिडी. अलीकडच्या गेटवेवर बसून आधी १०.०.०.२, मग १९२.१६८.२.१, मग १९२.१६८.२.७. त्यानंतर उठून आतल्या मशीनवर जायचं आणि तिथून हेच तीन पत्ते पुन्हा. स्वतःच्या १०.०.०.१ ला पिंग करून लाइनबद्दल काही कळत नाही, लिनक्सवर ते पॅकेट मोडेमपर्यंत जातच नाही.

पहिल्या पायरीवर अडलं तर प्रश्न राउटिंगचा नाही, लाइनचा आहे. दुसरीवर ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असं उत्तर ताबडतोब आलं, तर ते आपल्याच कर्नलचं असतं: माझ्या तक्त्यात अशी ओळच नाही. तिसरी पायरी खरी फसवी. १९२.१६८.२.१ ने उत्तर दिलं म्हणून पलीकडचा गेटवे पॅकेटं पुढे देतोय असं समजू नये. तो पत्ता त्या गेटवेचा स्वतःचाच आहे. पॅकेट पीपीपीच्या दारातून आलं आणि पत्ता इथरनेटच्या दारावरचा असला, तरी लिनक्स ते आपलं म्हणून घेतो आणि उत्तर देतो. पुढे देण्याचं काम बंद असतानाही ही पायरी पास होते. १९२.१६८.२.७ वर मात्र अडतं, आणि तेही आवाज न करता, कारण पुढे द्यायचं बंद असलेलं मशीन परकं पॅकेट मुकाट्याने टाकून देतं, कुणाला कळवत नाही.

लिनक्सवर ‘/प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही४/आयपी_फॉरवर्ड’ या फाइलीत १ आहे का बघावं. बीएसडीवर ‘सिसकंट्रोल’मधलं ‘नेट.आयनेट.आयपी.फॉरवर्डिंग’. जुन्या सोलारिसवर ‘एनडीडी’ने ‘/डेव्ह/आयपी’ला ‘आयपी_फॉरवर्डिंग’ विचारावं. हा १ हाताने लिहिला असेल तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तो शून्यावर येतो, आणि महिन्याभरापूर्वी चालणारी जोडणी वीज गेल्यानंतर का चालत नाही, हे कोडं तयार होतं.

फॉरवर्डिंग चालू आहे, तरी १९२.१६८.२.७ गप्प आहे? मग त्या मशीनलाच विचारायला हवं, कारण पुढचा निर्णय त्याचा. त्याच्याकडे १०.०.०.१ कडून पॅकेट आलंय आणि त्याला उत्तर द्यायचंय. त्याच्या तक्त्यात १०.०.०.१ ची वेगळी ओळ नसणार, म्हणून ते डिफॉल्ट राउट, म्हणजे दुसरी कुठलीच ओळ जुळली नाही तर घ्यायची वाट, वापरणार. ते डिफॉल्ट १९२.१६८.२.१ कडे असेल तर ठीक. पण त्या नेटवर्कात इंटरनेटसाठी दुसराच राउटर असेल आणि सगळ्या मशीनांचं डिफॉल्ट त्याच्याकडे असेल, तर उत्तर मोडेमकडे न जाता त्या राउटरमार्गे बाहेर जातं आणि कुठेतरी नष्ट होतं. यावर प्रत्येक मशीनवर नवी ओळ घालत बसायची गरज नाही. त्या दुसऱ्या राउटरवर फक्त दोन ओळी घालाव्यात: १९२.१६८.१.० आणि १०.०.०.१ साठी १९२.१६८.२.१ कडे जा. पहिलं पॅकेट राउटरकडे जातं, तो ते पुढे देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपी (सूचना आणि तक्रारींची पॅकेटं, पिंगही त्यातलंच) रीडायरेक्ट पाठवून सरळ रस्ता सांगतो. त्या मशीनच्या तक्त्यात नंतर डी झेंड्याची ओळ दिसली तर ती याचीच खूण. ती कुणी हाताने घातलेली नाही, ती शिकलेली आहे. मशीनं रीडायरेक्ट मानत नसतील तरी चालतं, फक्त प्रत्येक पॅकेट एक फेरा जास्त घालतं.

सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो यानंतर. गेटवेवरून १९२.१६८.२.७ ला पिंग व्यवस्थित लागतं, आणि त्याच गेटवेच्या मागच्या १९२.१६८.१.२० वरून मात्र लागत नाही. माणूस म्हणतो, रस्ता तर तोच आहे! जाण्याचा रस्ता तोच आहे, परतीचा पत्ता वेगळा आहे. गेटवे स्वतः पिंग करतो तेव्हा पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता १०.०.०.१ असतो, कारण ते पीपीपीच्या दारातून निघालंय. तो पत्ता पलीकडच्या गेटवेला पीपीपीमुळे आपोआप माहीत असतो. आतलं मशीन पिंग करतं तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२० असतो, आणि पलीकडच्या गेटवेवर १९२.१६८.१.० ची ओळ कुणी घातलेलीच नसते. उत्तर त्याच्यापर्यंत येतं आणि तो ते आपल्या डिफॉल्टकडे ढकलतो. अलीकडे दिवे काय दाखवतात? एसडी लुकलुकतो, आरडी काळा. हे आतल्या मशीनपर्यंत न जाताही तपासता येतं: पिंगला मोठ्या अक्षरातलं ‘-आय १९२.१६८.१.१’ दिलं की लिनक्सवर गेटवे आपला इथरनेटचा पत्ता परतीसाठी लावतो. बऱ्याच बीएसडींवर हेच काम मोठ्या अक्षरातल्या ‘-एस’ने होतं.

यावर एक सोपा उपाय आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. पीपीपीच्या टोकांना १०.०.०.१ आणि १०.०.०.२ असे नवे पत्ते द्यायचेच नाहीत. पीपीपीडीला (पीपीपी चालवणाऱ्या प्रोग्रामला) ‘१९२.१६८.१.१:१९२.१६८.२.१’ एवढंच सांगायचं, म्हणजे दोन्ही टोकं आपापल्या इथरनेटचेच पत्ते वापरतात. दोन टोकांच्या जोडणीत हे चालतं. तिसऱ्या नेटवर्काची कटकट जाते, आणि गेटवेवरून केलेल्या पिंगवर परतीचा पत्ता मागच्या नेटवर्कातलाच येतो, त्यामुळे गेटवेवरचं यश फसवं राहत नाही.

उत्तर अजिबात न येणं आणि ‘नाही’ असं उत्तर येणं यांत फरक करायला शिकावं. ‘डेस्टिनेशन नेट अनरीचेबल’ असं आलं तर ते कोणत्या पत्त्याकडून आलं ते आधी वाचावं. तो पत्ता १०.०.०.२ असेल तर लाइन, जाणं, येणं सगळं ठीक आहे आणि पलीकडच्या गेटवेच्या तक्त्यात पुढची ओळ नाही. ‘होस्ट अनरीचेबल’ असेल तर बहुधा ते मशीन बंद आहे किंवा एआरपीला (‘हा पत्ता कुणाच्या कार्डाचा?’ या हाकेला) उत्तर देत नाहीये. सगळ्यात बोलकं उत्तर ‘टाइम टू लिव्ह एक्सीडेड’. पीपीपीच्या जोडणीत त्याचा अर्थ जवळपास नेहमी एकच: दोन्ही गेटवेंचं डिफॉल्ट एकमेकांकडे आहे. ‘डिफॉल्टराउट’ हा पर्याय असलेली ‘/ईटीसी/पीपीपी/ऑप्शन्स’ ही फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवली की हे हमखास होतं. मग कुणालाच माहीत नसलेल्या पत्त्याचं पॅकेट दोघांमध्ये टोलवलं जातं. साधं पिंग ८४ बाइटांचं असतं. २८,८०० च्या मोडेमवर जाऊन-येऊन १५० ते २०० मिलिसेकंद धरले आणि टीटीएल (टाइम टू लिव्ह, पॅकेट किती मशीनांतून जाऊ शकतं तो आकडा) ६४ असला, तर एक पॅकेट पाच-सहा सेकंद त्या तारेवर फिरत राहतं. तोवर पिंगने आणखी पाच सोडलेली असतात. आपण एक पिंग लावलंय आणि दोन्ही दिवे अखंड पेटलेत, हे दृश्य दिसलं की तक्ता न बघताच कारण सांगता येतं.

ट्रेसराउट हाच घोळ ओळींत दाखवतो: १०.०.०.२, मग १०.०.०.१, मग पुन्हा १०.०.०.२. पण तो वापरताना धीर लागतो. प्रत्येक पायरीला तीन प्रश्न, प्रत्येकाला पाच सेकंदांची वाट, कमाल तीस पायऱ्या. सगळीकडे उत्तर न आल्याचे तारेच (*) पडले तर साडेसात मिनिटं. पायऱ्या ‘-एम ५’ने पाचवर आणाव्यात, या मांडणीत त्याहून जास्त नाहीतच. ट्रेसराउटबद्दल आणखी एक लक्षात ठेवावं: तो जाण्याची वाट दाखवतो, येण्याची नाही. ज्या पायरीपासून तारे सुरू होतात ती पायरी दोषी असेलच असं नाही. त्या मशीनपर्यंत प्रश्न पोचतो, आपल्याकडे परतायची वाट त्याला ठाऊक नसते, म्हणूनही तारे पडतात.

खात्री हवी असेल तर दोन्ही गेटवेंवर, दोन्ही दारांवर टीसीपीडंप लावायला हवा. पॅकेट अलीकडच्या इथरनेटवर दिसलं, पीपीपीवर दिसलं, पलीकडच्या पीपीपीवर दिसलं, पण पलीकडच्या इथरनेटवर दिसलं नाही, तर फॉरवर्डिंग बंद आहे किंवा फिल्टर आडवा आलाय. इथरनेटवर प्रश्न दिसला आणि उत्तर नाही, तर आतल्या मशीनचं डिफॉल्ट. इथे अंदाज करायला जागा उरत नाही. गेटवेला सरळ विचारायची सोयही आहे: बीएसडीवर ‘राउट -एन गेट १९२.१६८.२.७’ आणि लिनक्सवर ‘आयपी राउट गेट १९२.१६८.२.७’. तक्त्यातल्या ओळी आपण वाचून अर्थ लावण्यापेक्षा कर्नलला विचारलेलं बरं, शेवटी निर्णय त्याचा आहे.

सुरुवातीला म्हटलेली तिसरी अवस्था, दोन्ही दिवे लुकलुकताहेत आणि पिंग गप्प, ती इथे उलगडते. टीसीपीडंपवर परतलेलं उत्तर स्वच्छ दिसतं, तरी पिंगला ते मिळत नाही. लिनक्सवर बहुधा ‘आरपी_फिल्टर’ त्याला जबाबदार असतो. तो बघतो की हे पॅकेट ज्या पत्त्याकडून आलं, त्या पत्त्याकडे आपण याच दारातून गेलो असतो का? नसेल तर ते टाकून देतो. एखादी जुनी ओळ त्या नेटवर्कासाठी इथरनेटकडे बोट दाखवत राहिली, की असं होतं. ‘लॉग_मार्शियन्स’ चालू केलं की कर्नल या पॅकेटांची नोंद तरी करतो. एरवी टीसीपीडंप फिल्टरच्या आधी बघतो आणि पिंग नंतर, म्हणून दोघांच्या साक्षी जुळत नाहीत.

दोन्हीकडे १९२.१६८.१.० हेच नेटवर्क असेल तर वरचं काहीच उपयोगाचं नाही. १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ आणि १० ने सुरू होणारे खासगी पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये सर्वांनाच मोकळे केलेत, आणि सगळेजण नेमकी पहिलीच संख्या उचलतात. आतल्या मशीनला वाटतं पलीकडचं मशीन आपल्याच तारेवर आहे, ते एआरपीने हाक मारत राहतं, गेटवेकडे पॅकेट येतच नाही. एका बाजूचे पत्ते बदलावेत. पत्ते भाषांतर करून मार्ग काढता येतो, पण ती तडजोड कायमची डोकेदुखी आहे.

एकटं मशीन डायल करून नेटवर्कात येत असेल तर मांडणी वेगळी. त्याच्यासाठी वेगळं नेटवर्क उभारण्याऐवजी गेटवेच्या इथरनेटमधलाच एक रिकामा पत्ता, समजा १९२.१६८.२.५०, त्याला देतात आणि पीपीपीडीला ‘प्रॉक्सीआर्प’ सांगतात. मग कुणीही १९२.१६८.२.५० ची चौकशी केली की गेटवे स्वतःचा हार्डवेअर पत्ता सांगतो आणि पॅकेट आपल्याकडे ओढून लाइनवर सोडतो. नोंदवहीत ‘कॅनॉट डिटर्माइन इथरनेट ॲड्रेस फॉर प्रॉक्सी एआरपी’ असं आलं तर दिलेला पत्ता त्या इथरनेटच्या सबनेटमध्ये बसत नाहीये. इंटरफेसचा मास्क तपासावा. फॉरवर्डिंग इथेही लागतं.

‘डिफॉल्टराउट’ची आणखी एक खोड आहे. मशीनवर आधीच इथरनेटकडे डिफॉल्ट असेल तर पीपीपीडी ते बदलत नाही. ‘नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डिफॉल्ट राउट’ एवढी नोंद करतो आणि पुढे जातो. कनेक्शन लागलेलं, पत्ता मिळालेला, आणि बाहेरचं काही लागत नाही. दोन्ही दिवे शांत. बहुतेकदा इथरनेटवरचं ते डिफॉल्ट मशीन बसवताना सवयीने भरलेलं असतं आणि त्याची गरजच नसते. तारेला बाहेरची वाट नसेल तर ते काढून टाकावं.

काही बिघाड राउटिंगचे दिसतात आणि नसतात. पिंग लागतं, टेलनेट (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) जोडलं जातं, आणि त्यानंतर एक अक्षरही पुढे सरकत नाही. इथे व्हॅन जेकबसन शीर्षसंक्षेपावर (हेडर कॉम्प्रेशनवर) संशय घ्यावा, १९९० च्या आरएफसी ११४४ मधला. ४० बाइटांचं टीसीपी-आयपी शीर्ष तो ३ ते ५ बाइटांवर आणतो, पण फक्त टीसीपीचं. आयसीएमपीला तो हात लावत नाही म्हणून पिंग चालतं, आणि टीसीपीची सुरुवातीची पॅकेटंही तशीच जातात म्हणून जोडणी होते. खरी माहिती सुरू झाली की दोन टोकांचं बिनसतं. दोन्हीकडे ‘नोव्हीजे’ देऊन बघावं, चाललं तर कारण सापडलं.

टेलनेटमध्ये लॉगिन होतं, छोट्या आज्ञा चालतात, आणि मोठ्या डिरेक्टरीत ‘एलएस -एल’ केलं की सगळं थिजतं, तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी. १५०० बाइटांचं पॅकेट २८,८०० वर जवळपास ०.४२ सेकंद लाइन अडवतं, म्हणून टाइप करताना चटकन प्रतिसाद मिळावा यासाठी पीपीपीचा एमटीयू २९६ ठेवायची पद्धत पडली: २५६ माहिती आणि ४० शीर्ष. आतलं मशीन १५०० चं पॅकेट ‘तुकडे करू नका’ असं लिहून पाठवतं, गेटवे आयसीएमपीने कळवतो की तुकडे करावे लागतील, आणि मध्ये कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं. तपासायला आतल्या लिनक्स मशीनवरून मोठ्या अक्षरातलं ‘-एम डू’ लावून लहान अक्षरातलं ‘-एस २६८’ आणि मग ‘-एस २६९’ असं पिंग करावं; २८ बाइट शीर्षाचे धरून ते २९६ आणि २९७ होतात. पहिलं लागलं आणि दुसऱ्याला ना उत्तर ना तक्रार, तर आयसीएमपी कुणीतरी खातंय.

एखादी विशिष्ट फाइल नेहमी त्याच जागी अडत असेल तर लाइन काही बाइट गिळतेय. १७ आणि १९ या क्रमांकाची नियंत्रणाक्षरं, म्हणजे एक्सऑन आणि एक्सऑफ, मध्ये कुणीतरी थांबा-चला असं वाचतं. पिंगला ‘-पी १११३’ देऊन तीच अक्षरं भरून पाठवावीत (षोडशमानात ती ११ आणि १३ होतात). साधं पिंग लागलं आणि हे लागलं नाही, तर ‘असिंकमॅप ए००००’ दोन्हीकडे द्यावं, आणि मुळात प्रवाह नियंत्रण हार्डवेअरचं करावं, ‘सीआरटीएससीटीएस’ने. तेही करून मोठ्या फाइलींना चुका येत असतील आणि इंटरफेसच्या त्रुटींचा आकडा वाढत असेल, तर सीरियल पोर्टची चिप बघावी. १,१५,२०० च्या वेगाला दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो. १६४५० चिपकडे एकाच बाइटाची जागा असते, १६५५०ए कडे सोळांची. जुन्या चिपवर पोर्टचा वेग उतरवावा लागतो, दुसरा इलाज नाही.

हे सगळं जुळल्यावर लोक एक चूक करतात: हाताने घातलेल्या ओळींवर विसंबतात. लाइन तुटली की पीपीपीचा इंटरफेस जातो आणि त्याच्यावरच्या सगळ्या ओळी कर्नल पुसून टाकतो. पुन्हा डायल झाल्यावर फक्त पलीकडच्या टोकाची ओळ येते, नेटवर्काची नाही. ती ‘/ईटीसी/पीपीपी/आयपी-अप’मध्ये लिहावी लागते. पीपीपीडी या स्क्रिप्टला सहा गोष्टी देतो: इंटरफेसचं नाव, टीटीवाय (सीरियल पोर्टची फाइल), वेग, आपला पत्ता, पलीकडचा पत्ता आणि ‘आयपीपॅरम’मध्ये आपण दिलेला शब्द. इंटरफेसचं नाव स्क्रिप्टमध्ये ‘पीपीपी०’ असं कोरू नये, दुसरी लाइन आधी लागली तर ते ‘पीपीपी१’ असतं. पहिला आर्ग्युमेंट वापरावा. कुठल्या शाखेची ओळ घालायची ते पाचव्या किंवा सहाव्यावरून ठरवावं.

ही स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते आणि पीपीपीडीने चालवली की चालत नाही, याची कारणं ठरलेली आहेत. तिला जवळपास रिकामं एन्व्हायर्नमेंट मिळतं, म्हणून नुसतं ‘राउट’ न लिहिता ‘/एसबिन/राउट’ लिहावं. तिचं आउटपुट कुठेच दिसत नाही, म्हणून ते एखाद्या फाइलीत वळवावं. एक्झिक्यूट परवानगी नसेल तर ती चालणारच नाही. डेबियनवर ‘आयपी-अप.डी’ डिरेक्टरीत तुकडे ठेवता येतात, पण फाइलीच्या नावात टिंब असलेलं चालत नाही. ‘शाखा.एसएच’ असं नाव दिलं की ती फाइल गुपचूप वगळली जाते.

ओळी आपोआप पसरवायला ‘राउटडी’ चालवायचा मोह होतो. दोन गेटवेंच्या जोडणीत तो टाळावा. तो दर ३० सेकंदांनी आपला तक्ता लाइनवर सोडतो. मागणीनुसार डायल होणाऱ्या जोडणीत त्यामुळे निष्क्रियतेचं घड्याळ कधी संपतच नाही आणि फोन उचललेलाच राहतो. बदलत्या पत्त्याच्या मागणी-डायलमध्ये आणखी एक त्रास असतो. ज्या पहिल्या पॅकेटने फोन लावला, ते आधीच्या तात्पुरत्या पत्त्यावरून निघालेलं असतं. खरा पत्ता मिळाल्यावर ती पहिली जोडणी मरते, दुसऱ्यांदा केली की लागते. लिनक्सवर ‘आयपी_डायनॲडर’ मध्ये १ ठेवला की हे बरंचसं सुटतं.

‘आयपी-अप’मध्ये इथरनेटचं डिफॉल्ट काढलं असेल तर ‘आयपी-डाउन’मध्ये ते परत घालायला हवं, आणि पीपीपीडी बंद करताना ‘किल -९’ वापरू नये. त्या संकेताने तो तिथल्या तिथे मरतो, ‘आयपी-डाउन’ चालत नाही, टीटीवायची लॉक फाइलही मागे राहते. साधा ‘किल’ पुरतो. सगळं बसल्यावर ‘नेटस्टॅट -आरएन’चं आउटपुट एका फाइलीत ठेवावं, लाइन मुद्दाम तोडावी, पुन्हा डायल करावं आणि नव्या आउटपुटशी ‘डिफ’ करावा. मग दोन्ही गेटवे एकेकदा पूर्ण बंद करून चालू करावेत आणि डिफ पुन्हा करावा, तोही दोन्हीकडे.